दहा शब्दांचा सोमवार

प्रियदर्शनीची बदली अकोल्याला झाली, तेव्हा घरकामाची वाटणी करायला तायडे नवराबायको जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसले. प्रियदर्शनी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. आठवडाभर अकोल्यात मावसबहिणीकडे राहायचं, शनिवारी अमरावतीला यायचं आणि रविवारी संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं, असं ठरलं होतं. ती कागदावर एकेक काम लिहून संघपालच्या नावापुढे टाकत गेली. भाजी, सिलिंडरचा नंबर, मोटार चालू करणं, लेकीची वेणी. वेणीपाशी संघपाल जरा अडखळला. पण “खुशीचं इंग्रजी स्पेलिंग” असं तिनं लिहिलं, तशी त्याची छाती आपोआप पुढे आली.

“ते माह्यावर सोड,” तो म्हणाला. “दिवसभर इंग्रजीतच तं राहून राहिलो मी.”

हे काही खोटं नव्हतं. एका सरकारी कार्यालयात तो बावीस वर्षांपासून आवक-जावक सांभाळत होता. आलेल्या कागदावर शिक्का, तारीख, नंबर. गेलेल्या कागदावर शिक्का, तारीख, नंबर. मधल्या काळात त्या कागदाचं काय होतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. पण ‘पेंडिंग’, ‘सँक्शन’, ‘सबमिटेड फॉर ऑर्डर्स प्लीज’ असले शब्द त्याच्या जिभेवर सुपारीसारखे घोळत असत. तिसरीतल्या पोरीची दहा स्पेलिंगं ती काय!

दहाच होती. दर शुक्रवारी डायरीत दहा शब्द यायचे आणि सोमवारी पहिल्या तासाला त्यांचं डिक्टेशन व्हायचं. पहिल्या सोमवारी खुशीला तीन मार्क मिळाले. दुसऱ्या सोमवारी सकाळी तिचं पोट दुखलं. संघपालनं ओवा दिला, शाळेला सुटी दिली, आणि दहाच्या ठोक्याला पोट असं काही थांबलं की पोरीनं दोन पराठे खाल्ले. तिसऱ्या सोमवारी पोट पुन्हा हजर.

“बेटा, मॅडमचं भेव वाटते का?” त्यानं विचारलं.

“मॅडमचं नाई वाटत,” खुशी म्हणाली. “कोरा कागद पाहिला का वाटते.”

पोरीच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्या दिवशी संघपालनं फायलीवर मारतात तसा मनातल्या मनात ‘तातडीचे’ असा शेरा मारला.

अपार्टमेंटमध्ये एखादी अडचण एका घरात राहत नाही. वरच्या मजल्यावर भगवंतराव राहत. तिवश्याकडे शेती, इथे फ्लॅट, आणि नातू विपुल खुशीच्याच वर्गात. ते चहाला आले आणि त्यांनी निदान केलं.

“इंग्रजाची चूक हाय ही,” भगवंतराव म्हणाले. “लिवते एक अन् वाचते एक. आपण कायले त्याच्या मांगं लागाचं? जसं लिवलं तसं वाचाचं. के-एन-आय-एफ-ई म्हंजे कनिफे. डब्ल्यू-ई-डी-एन-ई-एस-डे म्हंजे वेडनेसडे. आमी असेच मॅट्रिक झालो बाप्पा!”

त्यांच्या पत्नी वच्छलाबाई मागोमाग आल्या होत्या. त्यांना हे अजिबात पटलं नाही. “यायचं काई ऐकू नोका भाऊ. चिठ्ठ्या लावा. दारावर दाराची, खिडकीवर खिडकीची. पोट्टीच्या नजरेखालून दिवसातून धा वेळा शब्द गेला पायजे.”

संघपाल सरकारी माणूस. दोन तज्ज्ञांचे दोन अभिप्राय आल्यावर त्यानं दोन्ही मान्य केले.

रविवारचा अख्खा दिवस तो आणि खुशी चिठ्ठ्या लिहीत होते. दार, खिडकी, फ्रिज, आरसा, बादली, टेबल. संघपालनं डिंकाची बाटली आणली आणि सढळ हातानं लावली. संध्याकाळपर्यंत घर असं दिसायला लागलं, की जप्तीला आलेल्या माणसांनी मालाची यादी करून ठेवली आहे. प्रियदर्शनीला निरोप द्यायला दोघं बसस्टँडवर गेले, तेव्हा तिनं संघपालच्या कोपरावरची ‘बकेट’ अशी चिठ्ठी काढली आणि पर्समध्ये ठेवली.

दोघं घरी परतले, तर जिन्यात भगवंतराव पाहणी करायला तयारच होते. पांढराशुभ्र पायजमा, पांढरा सदरा. ते आत येऊन खुर्चीवर बसले, पंधरा मिनिटं इंग्रजांच्या खोडी सांगितल्या आणि तसेच उठून खाली सोसायटीच्या सभेला गेले. खुर्चीची चिठ्ठी डिंकाची ओली बाजू वर करून सीटवर तशीच राहिली होती. ती त्यांच्याबरोबर गेली.

आता योग असा, की त्या सभेत नवीन अध्यक्ष, म्हणजे चेअरमन, निवडायचा विषय होता. भगवंतराव सगळ्यांत पुढे जाऊन, सभेकडे पाठ करून, नोटीस बोर्ड वाचत उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे, पाठीच्या जरा खाली, मोठ्या टपोऱ्या अक्षरांत ‘चेअर’ असं लिहिलेलं होतं. सभेनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षांपासूनचे अध्यक्ष श्यामराव लालबुंद झाले.

“प्रचार करायचा तं समोरून करा ना!” ते म्हणाले. “हे असं मांगून काहून?”

भगवंतरावांना काय झालं ते कळलंच नाही. त्यांना पाच मतं पडली. श्यामराव निवडून आले खरे, पण पाच मतांचं शल्य त्यांच्या मनात रुतलं. चौकशीअंती चिठ्ठीचा उगम फ्लॅट नंबर तीन असल्याचं त्यांना कळलं. संघपालनं माफी मागितली, डिंकाची बाटलीही दाखवली. श्यामरावांनी ती पुरावा म्हणून ठेवून घेतली.

इकडे कनिफे पद्धतीला मात्र यश आलं. चौथ्या सोमवारी खुशीला सहा मार्क मिळाले, पाचव्या सोमवारी आठ. पोट अजून दुखत होतं, पण शाळेपर्यंत जात होतं. संघपालनं अकोल्याला फोन करून ही बातमी इतक्या नम्रपणे सांगितली, की प्रियदर्शनीला त्याची काळजी वाटली. आणि मंगळवारी डायरीत लाल शाईनं निरोप आला: पालकांनी भेटावे.

खुशीच्या वर्गशिक्षिका आचल मॅडम. वय फार तर पंचवीस. संघपाल त्यांच्यासमोर मुलांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला. ऑफिसात त्याच्यापुढे रांगा लागत, ही गोष्ट सांगायची त्याला फार इच्छा झाली, पण गुडघ्यांमुळे आवाज फुटेना.

“तायडे सर, काल केंद्रप्रमुख शाळा तपासायला आले होते,” मॅडम म्हणाल्या. “त्यांनी चित्र दाखवून विचारलं, हे काय आहे? अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, कनिफे. चौतीस मुलं. खुशी आणि विपुलनं सगळ्यांना शिकवलंय.”

“सॉरी मॅडम.”

“माझं ऐका पुढे. रात्री घरी सफरचंद कापताना मी आईला म्हटलं, कनिफे दे.” मॅडमना हसू आवरेना. मग त्या सावरल्या. “स्पेलिंग सुधारलंय, हे मला मान्य आहे. पण उच्चारांचं काय करणार, ते मला लेखी द्या.”

लेखी! संघपालच्या अंगात एकदम बळ आलं. लेखी हे त्याचं राज्य होतं. संध्याकाळी त्यानं कोरा ताव घेतला, वर विषय आणि संदर्भ घातला आणि साहेबी इंग्रजीत सुरुवात केली, की आपले दिनांक अमुकचे पत्र ‘रिसीव्ह्ड’ झाले. खुशी शेजारी बसून अक्षर न अक्षर लावून वाचत होती.

“रे-सि-ए-वेड,” ती म्हणाली. “बाबा, हे चुकलं. आमच्या यादीत रे-से-इ-वे आहे. ई आंधी, आय मांगून.”

“बेटा, हा शब्द मी बावीस वर्षांपासून लिहून राहिलो.”

“मंग बावीस वर्षांपासून चुकलं.”

संघपाल हसला. मग त्यानं डिक्शनरी काढली. मग तो हसायचा थांबला. पोरीनं भगवंतरावांच्याच पद्धतीनं त्याला पकडलं होतं. त्यानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. डिक्शनरी ठाम होती.

पत्रातली चूक खोडता आली असती. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं टेबलाचा खण उघडला, तेव्हा आतला रबरी शिक्का त्याच्याकडे बघत होता. नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच वर्षी हा शिक्का त्यानं स्वतःच्या हस्ताक्षरात मजकूर देऊन बनवून घेतला होता. त्यातही आय आधी आणि ई मागून. वीस वर्षं! अमरावती जिल्ह्यातला असा एक तालुका नव्हता, जिथल्या कपाटात त्याची ही चूक तारखेसकट पडलेली नव्हती. नागपूरला गेली होती, मुंबईला गेली होती, एकदा दिल्लीलाही जाऊन आली होती. कुणालाही दिसली नव्हती. दिसली ती तिसरीतल्या पोरीला.

तो शिक्का घेऊन साहेबांकडे गेला.

“झिजला का?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब.”

“मूठ तुटली?”

“नाही साहेब. त्याच्यात आय आणि ई यांची अदलाबदल झाली आहे.”

साहेबांनी शिक्का उलटा धरला, सुलटा धरला, तळहातावर मारून पाहिला. “कधीपासून?”

“सुरुवातीपासून.”

“कुणाची तक्रार?”

“नाही साहेब.”

“मग मागणीपत्रात कारणाच्या रकान्यात काय लिहू, तायडे? शिक्का अशिक्षित आहे म्हणून?” साहेब समजुतीनं म्हणाले. “आणि उद्या कुणी उभा राहिला, की साहेब, माझ्या पोचपावतीवर वेगळं स्पेलिंग आहे, ती खरी की नव्या शिक्क्याची खरी, तर? आपण वरून मार्गदर्शन मागवू.”

मार्गदर्शन मागवणारं पत्र गेलं. त्याची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात ठेवायची नक्कल, नोंदवायला संघपालकडे आली, तेव्हा त्यानं तिच्यावर तोच शिक्का मारला. दुसरा नव्हताच.

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि चहा न करता बसून राहिला. खुशी समोर येऊन उभी राहिली.

“साहेब रागावले का?”

“नाही बेटा.”

“मंग तोंड काहून असं केलं?”

थाप मारता आली असती. पण घरात चहूकडे चिठ्ठ्या होत्या आणि त्या सगळ्या त्यानं स्वतः डिक्शनरीत पाहून लिहिल्या होत्या, हे त्याला ठाऊक होतं. “मलेही स्पेलिंग येत नाही, खुशी,” तो म्हणाला. “येते असं वाटत होतं.”

 पोरगी आत गेली आणि तिनं वहीचा एक कागद आणि टोक केलेली पेन्सिल आणली. “बसा खाली. मी घेतो तुमचं डिक्टेशन.”

संघपाल सतरंजीवर बसला. समोर कोरा कागद. आणि काय सांगावं, सेहेचाळीस वर्षांच्या त्या माणसाच्या पोटात खरोखर काहीतरी हललं.

“पोट दुखून राहिलं का?” खुशीनं विचारलं.

“थोडंसं.”

“मंग पहिले नाव लिहा. नावाचे मार्क नसते, पण कागद कोरा राहत नाई.”

हे तिला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. गेले काही सोमवार ती एकटीनं ही युक्ती करत होती आणि बापाला पत्ता नव्हता. संघपालनं नाव लिहिलं. त्याला दहापैकी पाच मिळाले. खुशीनं लाल पेननं गोल केले आणि एकेक चूक अशी शांतपणे समजावून सांगितली, की त्याला आपल्या शाळेतले सगळे मास्तर आठवले आणि त्यांच्यापैकी कुणाशीही तुलना करावीशी वाटली नाही.

तेव्हापासून रोज सहा वाजता हा कार्यक्रम ठरला. तपासायचं म्हणजे आधी आपल्याला आलं पाहिजे, म्हणून खुशी शुक्रवारपासूनच शब्दांच्या मागे लागायची. विपुल आला, मास्तर नंबर दोन झाला. नातू आला म्हणून भगवंतराव आले, ते विद्यार्थी झाले. वच्छलाबाई त्यांचे मार्क पाहायला आल्या आणि त्यांच्यापेक्षा दोन जास्त घेऊन गेल्या, तो दिवस भगवंतराव विसरले नाहीत. उच्चारांचा तंटाही पोरांनीच मिटवला. प्रत्येक शब्दाला दोन नावं, एक लिहायचं आणि एक बोलायचं. लिहायचं नाव कनिफे, बोलायचं नाव नाइफ. आचल मॅडमनी हे लेखी मान्य केलं.

आणि मग श्यामरावांची नोटीस आली. निवासी सदनिकेत विनापरवाना शिकवणी वर्ग चालवण्यात येत असल्याचे निदर्शनास आले असून, प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल. पुढच्याच दिवशी सहा वाजता अध्यक्ष वही घेऊन दारात उभे राहिले. संघपालनं आपसूक सदऱ्याची बटणं लावली. पाहणी म्हटलं, की सरकारी माणूस लावतोच.

“शिक्षक कोण?” श्यामरावांनी विचारलं.

खुशी आणि विपुलनं हात वर केले.

“विद्यार्थी?”

भगवंतराव, वच्छलाबाई आणि संघपाल यांनी हात वर केले.

श्यामराव वहीत लिहायला गेले आणि थांबले. असा प्रकार सोसायटीच्या नियमांत बसत नव्हता आणि मोडतही नव्हता. तेवढ्यात विपुल म्हणाला, “आजोबा, तुमच्यामुळं उजेड अडून राहिला. आत तं या, नाई तं बाजूले व्हा. आमचा पहिला शब्द राहिला.”

श्यामराव आत आले. बसायला सतरंजीच होती. वही होतीच हातात, पेनही होतं. त्यांना चार मिळाले. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, की पाहणी अपुरी राहिली आहे. तिसऱ्या दिवशीही ती अपुरीच राहिली. आठव्या दिवशी त्यांना सात पडले, तेव्हा त्यांनी डिंकाची बाटली परत केली, आणि भगवंतरावांनी हात पुढे केल्यावर तो हातात घेऊन ते कितीतरी वेळ हलवत बसले.

खुशीचे सोमवार आता कसे गेले, तर कधी आठ, कधी सात, एकदा दहा, मग पुन्हा सात. पण पोट एकदाही दुखलं नाही. या एका गोष्टीसाठी संघपाल कुणाकुणाचे आभार मानत राहिला याला हिशेब नाही. भगवंतरावांचे मानले, वच्छलाबाईंचे मानले, आचल मॅडमना तर शाळेच्या फाटकाशी गाठून इतक्यांदा मानले, की त्या लांबूनच “वेलकम सर” म्हणू लागल्या.

सत्र संपताना मास्तरांनी मोठ्यांची परीक्षा घेतली. वच्छलाबाई नऊ, श्यामराव सात, भगवंतराव कसेबसे सात. संघपाल सहा. त्यानं कागद घेण्यासाठी हात पुढे केला, तर खुशीनं तो मागे ओढला.

“सातच्या खाली आहे. पालकाची सही लागते.”

“अगं, मी स्वतःच पालक आहो!”

“माह्ये. तुमचे नाई. नियम म्हंजे नियम.”

“आता माझे पालक कुठून आणू?”

“बाळापूरले आहेत ना,” खुशी म्हणाली.

त्या रविवारी प्रियदर्शनीची ड्युटी होती, म्हणून बापलेक सकाळच्या एसटीनं अकोल्याला गेले. दुपारी ती सुटल्यावर तिला घेतलं आणि तिघं बाळापूरच्या गाडीत बसले. प्रियदर्शनीनं तो कागद पाहिला. आधी ती इतकी हसली, की पुढच्या सीटवरचे लोक वळून बघू लागले. मग लाल पेननं काढलेले गोल तिनं एकेक करून पाहिले. “मी तिकडे रोज विचार करत होती, पोरीचं काय चालू असंन म्हणून,” ती म्हणाली.  तिनं संघपालच्या हातावर हात ठेवला आणि तो उतरेपर्यंत तिथेच राहिला.

संघपालचे वडील जानराव अंगणात बाजेवर बसले होते. सारी उमर त्यांनी बाजारात पोती वाहिली होती आणि सहीपुरतं लिहायला ते संघपालच्याच पाटीवर शिकले होते. जय भीम झाला, पाणी झालं. खुशीनं कागद पुढे केला आणि सगळा प्रकार सांगितला. त्याची आई पंचफुलाबाई, त्यांनी पदर तोंडाला लावला. “सहाच? अन् एवढा मोठा घोडा?”

जानरावांनी चष्मा मागवला. कागद लांब धरून वरून खालपर्यंत पाहिला. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण घाई अजिबात नव्हती. संघपाल उभाच होता. बाजेवर बसावं की नाही, हे त्याला ठरवता येईना.

“मास्तरीण कोन? हे पोट्टी?”

“हो बा.”

“मारते का?”

“नाही बा. समजावून सांगते.”

जानरावांनी पेन घेतलं आणि सावकाश, हात दाबून, कागदाच्या कोपऱ्यात सही केली. मग कागद नातीच्या हाती दिला आणि लेकाकडे वर पाहिलं.

“मंग जात जाय रोज,” ते म्हणाले. “खाडा करू नको.”